गाठोड्यात काय आहे?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८० आणि ८१. म्हणजे आपली सुदाम्याच्या पोह्यांची गोष्ट.

"ही तर माहितीये" म्हणून लगेच टॅब बंद करू नका. मलाही माहितीच होती. लहानपणी आजीकडून ऐकली, टीव्हीवर पाहिली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर मी सुदामा झालोसुद्धा होतो (कृष्णाचा रोल उंच मुलाला मिळाला). पण मूळ अध्याय ओळीने वाचले, तेव्हा त्यात एक जागा अशी सापडली की तिथून मला पुढे सरकताच येईना. कारण त्या जागेवर मी एकदा चुकलो होतो, तेही घरच्याच माणसाशी. आज तेच सांगणार आहे.

आधी गोष्ट, थोडक्यात.

कथा सुरू होते तेव्हा भागवत त्याचं नावही सांगत नाही. कृष्णाचा एक ब्राह्मण मित्र, एवढीच ओळख. घरात खायला नाही. बायको म्हणते, द्वारकेला जाऊन या. तो तयार होतो, पण मागायला म्हणून नाही. त्या निमित्ताने मित्राचं दर्शन तरी होईल म्हणून. मात्र रिकाम्या हाताने कसं जायचं? मग ती शेजारपाजारहून मागून चार मुठी पोहे आणते आणि एका फडक्याच्या तुकड्यात बांधून देते.

चार मुठी. तेही स्वतःच्या घरचे नाहीत.

द्वारकेत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कृष्ण धावत येतो, मिठी मारतो, पाय धुतो, ते पाणी स्वतःच्या मस्तकाला लावतो. रुक्मिणी स्वतः वारा घालते. मग दोघे मित्र सांदीपनी गुरुजींच्या घरच्या आठवणी काढतात. सरपण आणायला रानात गेलो होतो, वादळ-पावसात रात्रभर अडकलो होतो, सकाळी गुरुजी शोधत आले होते, वगैरे. आणि गप्पांच्या ओघात कृष्ण हसत हसत विचारतो, माझ्यासाठी घरून काय आणलंस?

हे विचारून झाल्यावर तो जे बोलतो, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ आहे. एखादं पान, एखादं फूल, एखादं फळ, नुसतं पाणी. जो कोणी मनापासून देईल त्याचं मी घेतो, या अर्थाचा श्लोक. गीतेत तो नवव्या अध्यायात २६ वा आहे. भागवतात तोच श्लोक इथे, ८१ व्या अध्यायाच्या सुरुवातीला येतो. गीतेत तो युद्धभूमीवर अर्जुनाला सांगितलेला, इथे पलंगावर शेजारी बसलेल्या जुन्या मित्राला.

आता मी जिथे अडकलो ती जागा. हा श्लोक ऐकल्यावर सुदाम्याने काय करावं? गाठोडं पुढे करावं ना? साक्षात भगवंत तोंडावर सांगतोय की मला थोडंसुद्धा चालतं. पण तो देत नाही. मान खाली घालतो. लाजतो. गाठोडं तसंच धरून ठेवतो.

श्लोक स्वतः कृष्णाच्या तोंडून आला, आणि तरी गाठ सुटली नाही.

हे डोक्यात ठेवा. आता मी तुम्हाला २०२० च्या जूनमध्ये नेतो.

तेव्हा मी कॅलिफोर्नियात, बे एरियात नोकरीला होतो. माझी मोठी बहीण तिथेच, माझ्यापासून पंधरा मिनिटांवर राहायची. ताई, दाजी आणि माझा भाचा. भाचा सहा वर्षांचा असताना ते साताऱ्याहून तिकडे गेले. २०२० मध्ये तो बारावीला होता, म्हणजे त्याच्या हायस्कूलचं शेवटचं वर्ष.

तिकडे हायस्कूल संपणं हे प्रकरण आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे निकाल लागतो, टक्के सांगायचे, पेढे वाटायचे, झालं. तिकडे निकालापेक्षा सोहळा मोठा. मुलं झगा आणि चौकोनी टोपी घालतात. शाळेच्या मैदानात खुर्च्या मांडतात, आजी-आजोबा लांबून विमानाने येतात. एल्गार या इंग्रज संगीतकाराची १९०१ मधली एक मार्चची धून वाजते. १९०५ मध्ये येल विद्यापीठाने त्याला मानद पदवी दिली तेव्हा ती वाजवली, आणि पुढे ती अमेरिकेत पदवीदानाचीच धून होऊन बसली. एकेकाचं नाव पुकारतात. शेवटी टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घ्यायचा, की पोरगं मोठं झालं.

दाजींनी याची तयारी वर्षभर आधी केली होती. ते सॉफ्टवेअर टेस्टर. त्यांच्या सगळ्या गोष्टींची एक्सेल शीट असते. आजीचं, म्हणजे त्यांच्या आईचं तिकीट मे महिन्याचं काढलं होतं. मार्चच्या सुरुवातीला ते स्वतः साताऱ्याला गेले. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं आणि जोडून व्हिसा स्टॅंपिंगची अपॉइंटमेंट होती. तीन आठवड्यांत परत यायचं होतं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. १६ मार्चपासून भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी नेहमीची व्हिसाची कामं थांबवली. १७ तारखेपासून आमच्या बे एरियात घराबाहेर पडण्यावर निर्बंध आले. त्याच आठवड्याच्या शेवटी भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. दाजींच्या पासपोर्टवर नवा शिक्का नाही, त्यामुळे विमानं सुरू झाली तरी त्यांना परत येता येणार नव्हतं. ते साताऱ्यात, बायको-पोरगा कॅलिफोर्नियात.

भाच्याची शाळा लॅपटॉपवर गेली. शेवटच्या वर्षातल्या सगळ्या गमती एकेक करून रद्द झाल्या. कॉलेजसाठीच्या एपी परीक्षासुद्धा त्या वर्षी घरी बसून, ऑनलाइन, तासाभराच्या आत उरकल्या. सोहळा मैदानात होणार नाही, हेही एक दिवस ईमेलने कळलं. त्याऐवजी ज्याने-त्याने ठरल्या वेळी गाडीतून शाळेत यायचं, गाडीतूनच फाइल घ्यायची आणि पुढे निघायचं. आमची वेळ होती सकाळी १० वाजून २० मिनिटं. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे १० वाजून ५० मिनिटं.

आता माझी चूक.

त्या आठवड्यात दाजी फोनवर फार गप्प असायचे. एकदा मला म्हणाले, "बापाला एवढं एक काम होतं. तिथं उभं राहून टाळ्या वाजवायच्या. तेवढंही जमलं नाही." मला काय बोलावं सुचेना. तेव्हा मी रोज सकाळी गीता वाचायला नुकतीच सुरुवात केली होती, आणि नवीन भक्ताचं कसं असतं बघा, प्रत्येक खिळ्याला तोच हातोडा. मी त्यांना नवव्या अध्यायातला तोच पान-फुलाचा श्लोक अर्थासकट व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं, "दाजी, देव वस्तू बघत नाही, भाव बघतो. तुमचं प्रेम पोचतंय."

दाजींनी हात जोडलेला इमोजी पाठवला.

मला वाटलं, काम झालं. तिकीट क्लोज्ड. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेम रिप्रोड्यूस करून न बघताच मी बग 'फिक्स्ड' मार्क करून टाकला.

त्या दिवशी सकाळी ताईने दूध पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे केले. साताऱ्याच्या माणसाला कंदी पेढा सोडून दुसरा पेढा पेढा वाटत नाही, पण तिकडे कंदी पेढे कुठून आणायचे! ताई सारखी म्हणत होती, "हे काय पेढे झाले? मऊ पडलेत. आकार पण नाही." गाडीच्या काचांवर आम्ही खडूच्या पेनाने अभिनंदन लिहिलं. भाच्याने झगा-टोपी घातली. मी गाडी चालवायला, ताई पुढे, तो मागे. डॅशबोर्डवरच्या स्टॅंडला फोन लावला, त्यात दाजी आणि आजी. आजींनी रात्री अकराला इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं.

शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्यांची रांग. स्पीकरवर तीच एल्गारची धून. शिक्षक मास्क लावून लांब लांब उभे, हातात पाट्या. कुणी भोंगा वाजवतंय, कुणी सनरूफमधून बाहेर आलंय. आमचा नंबर आला. एका टेबलावर फाइल ठेवलेली होती, भाच्याने खाली उतरून ती उचलली, मुख्याध्यापकांनी लांबून नमस्कारासारखा हात केला. एका बाईंनी फोटो काढला. गोंडा डावीकडे. मागच्या गाडीने हलकेच हॉर्न दिला, आणि आम्ही निघालो. सगळं मिळून दीड मिनिट असेल.

बाहेर रस्त्यावर आल्यावर भाच्याने फाइल उघडली. रिकामी होती! सर्टिफिकेट नंतर पोस्टाने येणार होतं. तो मोठ्याने हसला, म्हणाला, "इट्स फाइन, मामा. मस्त झालं. खरंच." गेला महिनाभर तो हेच म्हणत होता. सगळं फाइन, सगळं मस्त.

घरी आलो. फोन टीव्हीला जोडला. आजींनी तिकडून निरांजन घेऊन स्क्रीनला ओवाळलं. ताईने पेढ्यांची ताटली पुढे केली आणि लगेच म्हणाली, "आई, हसू नका हं, पावडरचे आहेत." दाजी म्हणाले, "बाळा, फार छान. आम्ही बघितलं सगळं." पुढे काही बोललेच नाहीत. दोन्हीकडे सगळे हसत होते आणि खोलीत जाम अवघडलेपण होतं.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अरे, त्याला ते वहीतलं दाखव की."

दाजी म्हणाले, "आई, राहू दे."

"का राहू दे? सकाळपासून उन्हात हिंडलास ते काय लपवायला?"

"त्याला काय त्याचं. तो कुणाला ओळखतो इथं."

आजींनी ऐकलं नाही. त्यांनी दाजींच्या मागच्या टेबलावरून एक वही सरळ ओढून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. आधी उलटी, मग सुलटी.

झालं होतं असं. पेढ्यांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. दाजींनी सकाळी जाऊन कंदी पेढे आणले. हातमोजे घालून दोन-दोन पेढे छोट्या कागदी पिशव्यांत भरले. मग मास्क लावून आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत घरोघर गेले. पिशवी उंबऱ्यावर ठेवायची, बेल वाजवायची, सहा फूट मागे सरकायचं. दार उघडलं की लांबूनच सांगायचं, "मुलगा बारावी झाला. अमेरिकेत."

आणि टेस्टर माणूस असल्यामुळे त्यांनी वहीत तक्ता केला होता. पहिला रकाना घर, दुसरा पेढे किती, तिसरा स्टेटस. ४१ घरं. ३८ समोर 'पास'. तीन समोर 'फेल', कारण त्या घरच्यांनी लांबूनच सांगितलं होतं की सध्या बाहेरचं खात नाही. त्यांची काही चूक नव्हती, दिवसच तसे होते. पण 'फेल'पुढे दाजींनी कंसात लिहिलं होतं, 'अभिनंदन मात्र सांगितलं'.

हे सगळं करून ते घरी आले आणि कुणालाच बोलले नाहीत. का? तर त्यांना ते फार छोटं वाटलं. जिथे विमानाने जाऊन टाळ्या वाजवायच्या होत्या, तिथे गल्लीत पेढे वाटणं म्हणजे काहीच नाही असं वाटलं. पोरगा हसेल असं वाटलं.

भाचा टीव्हीच्या अगदी जवळ गेला. त्याला देवनागरी हळूहळू वाचता येतं. एकेक नाव बोट ठेवून वाचायला लागला. मध्येच विचारलं, "बाबा, हे तीन फेल कोण आहेत?" दाजी हसले, सांगायला लागले. सांगता सांगता त्यांचा आवाज बसला. आणि मग तो मुलगा, जो महिनाभर सगळं फाइन आहे म्हणत होता, टीव्हीसमोर झगा घालून उभ्या उभ्या रडला.

त्या रात्री तो मला म्हणाला, "मामा, मला ते मैदान पाहिजे होतं. नाव पुकारलेलं पाहिजे होतं. बाबा तिथे पाहिजे होते. पण लोक मरतायत, माझ्या मित्राचे आजोबा गेले, आणि मी टोपी-झग्यासाठी रडू? म्हणून नाही बोललो. आणि आई एवढं सगळं करत होती."

म्हणजे बघा, त्या घरात गाठोडी किती होती. ताईचं मऊ पडलेल्या पेढ्यांचं. दाजींचं वहीचं. आणि पोराचं दुःखाचं, जे त्याला इतरांच्या दुःखापुढे दाखवायच्या लायकीचं वाटत नव्हतं. प्रत्येक जण आपापलं गाठोडं काखेत दाबून एकमेकांकडे बघून हसत होता. आणि मी, मोठा गीता वाचणारा, त्यांना श्लोक फॉरवर्ड करत होतो.

आता परत द्वारकेत चला.

सुदामा मान खाली घालून बसलाय. कृष्णाने श्लोक सांगून झालाय. पुढे काय होतं? कृष्ण तो श्लोक दुसऱ्यांदा सांगत नाही. "अरे, मी आत्ताच काय म्हणालो?" असं म्हणत नाही. लाज वाटून घेणं हे अज्ञान आहे, यावर व्याख्यान देत नाही. तो म्हणतो, हे काय आहे रे? आणि हात घालून ते फडकं ओढून घेतो. सोडतो. आणि एक मूठ तोंडात टाकतो. दुसरी मूठ उचलतो तेव्हा रुक्मिणी त्याचा हात धरते.

माझ्या दृष्टीने या गोष्टीचं मर्म या क्रमात आहे. भगवंताला श्लोक माहीत होता, त्याचाच तो होता. तरी लाजलेल्या मित्रासमोर तो एकटा पुरला नाही. मग हात पुढे करावा लागला. जे देऊ केलं जात नव्हतं, ते मागून घ्यावं लागलं, आणि समोरच खावं लागलं.

नवव्या अध्यायातला श्लोक वाचताना आपण नेहमी स्वतःला देणाऱ्याच्या जागी ठेवतो. आपल्याकडे थोडं आहे, देव चालवून घेईल, चला बरं झालं. जणू गरिबांसाठी सवलत. पण भागवतात हाच श्लोक वाचला की दुसरी बाजू दिसते. घेणाऱ्याचं काम. थोडं आणलेल्या माणसाला आपण कमी पडलो असं वाटत असतं. त्याला तत्त्वज्ञान कळत नाही असं नसतं. सुदाम्याला तर भागवत ब्रह्मज्ञानी म्हणतं! त्याला कळत होतं. तरी लाज वाटत होती. लाज कळण्याने जात नाही. ती कुणीतरी आवडीने खाल्ल्याने जाते.

दाजींना मी काय विचारायला हवं होतं? "दाजी, तुम्ही तिकडे काय करणार आहात त्या दिवशी?" एवढंच. एक साधा प्रश्न. मी उत्तर पाठवलं, प्रश्न विचारलाच नाही. साताऱ्याच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी, ज्यांनी भागवताचा सप्ताह फक्त मंडपात बसून ऐकलाय, त्यांनी बरोबर कृष्णाने केलं तेच केलं. वही ओढून घेतली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, नाहीतर हे सगळं फारच गोड वाटेल. कृष्णाने पोहे खाल्ले म्हणून पोहे म्हणजे मेजवानी झाली नाही. पोहे पोहेच होते. दीड मिनिटाचा सोहळा हा मैदानातला सोहळा झाला नाही. दाजी तिथे नव्हते ते नव्हतेच. २२ जूनला तर अमेरिकेने नव्या व्हिसांवर वर्षअखेरपर्यंत बंदी जाहीर केली, आणि दाजी परत आले ते २०२१ मध्ये. तोवर पोराचं कॉलेजचं पहिलं वर्ष घरातल्या टेबलावर पार पडलं. गेलं ते गेलं. भक्ती म्हणजे गेलेल्याला गेलं नाही म्हणणं असं मला वाटत नाही. त्या रात्री पोरगा रडला ते बरंच झालं. त्याचं दुःखही एक गाठोडंच होतं, आणि तेही कुणीतरी उघडून बघायला हवं होतं.

त्याच महिन्यात अजून एक गोष्ट झाली, ती सांगून थांबतो.

दाजी लहानपणापासून दरवर्षी लोणंदला माऊलींच्या पालखीला जायचे. पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, पादुकांना नीरेचं स्नान होतं, पुढे लोणंद, तरडगाव, फलटण. बारा-चौदा वर्षांनी ते आषाढात पहिल्यांदा साताऱ्यात होते, आणि नेमकी त्याच वर्षी पायी वारी झाली नाही. ३० जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून, मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला गेल्या. १ जुलैला एकादशी. लाखो लोकांच्या जागी तेवढी मूठभर माणसं.

त्या रात्री दाजींचा फोन आला. भाच्याला म्हणाले, "बघितलंस का? यंदा माऊली पण गाडीतूनच गेली. तुझ्यासारखी."

भाचा म्हणाला, "मग विठ्ठलाने काय केलं?"

दाजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "दार उघडं ठेवून बसला असेल. दुसरं काय करणार?"

यावर मला काही जोडायचं नाही. मी त्यांना कोणताही श्लोक फॉरवर्ड केला नाही.

ती वही आता भाच्याकडे आहे. दाजी परत आले तेव्हा घेऊन आले. त्याचं कॉलेज संपलं २०२४ मध्ये. त्या वेळी मैदान होतं, खुर्च्या होत्या, आजी व्हीलचेअरवरून विमानाने आल्या होत्या, नाव पुकारलं गेलं आणि दाजींनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. तेव्हाही साताऱ्याहून पेढे आणले होते, आणि या वेळी आधी ताईच म्हणाली, "माझ्या पावडरच्या पेढ्यांची सर नाही याला." पोराने दोन्ही खाल्ले.

मंडळी, आजचा अभ्यास छोटा आहे.

तुमच्या आसपास असं एक माणूस नक्की आहे, जो काहीतरी थोडकं घेऊन गप्प बसलाय. आई असेल, जिने पाठवलेला डबा तुम्ही "कशाला उगाच" म्हणून बाजूला ठेवलाय. बाबा असतील, ज्यांना तुमच्या कामातलं काही कळत नाही म्हणून ते आता विचारतच नाहीत. टीममधला नवीन पोरगा असेल, ज्याचं छोटं काम डेमोमध्ये दाखवायचं राहून गेलं. किंवा एखादा मित्र, जो म्हणतो "सगळं फाइन आहे."

आज त्याला सुविचार पाठवू नका. फोन करा आणि कृष्णाचा प्रश्न विचारा : काय आणलंस? आणि तो "काही नाही रे" म्हणाला, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. जरा हात पुढे करा. वही ओढून घ्या. जे निघेल ते त्याच्यासमोर, आवडीने खा.

आणि तुमच्याच काखेत एखादं गाठोडं असेल, तर आज रात्री देवापुढे दिवा लावल्यावर ते तिथे ठेवून बघा. पोहे कमी आहेत, फडकं फाटकं आहे, दुसऱ्याकडून मागून आणलेत, हे सगळं त्याला आधीच माहीत आहे. तो काय आहे एवढंच विचारतोय.

उद्या अध्याय ८१ चा पुढचा भाग, सुदाम्याचा परतीचा प्रवास. त्याने काहीच मागितलं नाही आणि रिकाम्या हाताने निघाला, त्या वाटेवर तो काय विचार करत चालला होता, ते बघू.

राम कृष्ण हरी!